डॉसच्या मेमरीतून टीएसआर काढताना: काय निघतं आणि काय मागे राहतं

भोसरी एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये, हडपसरच्या लघुउद्योगांत, पेठांमधल्या एखाद्या जुन्या छापखान्यात अजूनही ३८६ किंवा ४८६ संगणक रोज चालू होतात. सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणारं) मशीन उत्तम चालतंय, त्याला जी-कोड, म्हणजे हालचालींच्या आज्ञा, पाठवणारा प्रोग्राम डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवरचा आहे आणि तो बदलायचा तर कंट्रोलरच बदलावा लागेल, असा हिशेब असतो. काहींकडे भारतीय लिप्या दाखवणाऱ्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाच्या काळात टाइप केलेला इस्की (भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतांतला) मजकूर आहे आणि तो ज्या प्रोग्राममध्ये लिहिला त्यातच उघडायचा आहे. या सगळ्यांची एक तक्रार हमखास असते: मेमरी भरपूर दिसते, तरी प्रोग्राम ‘जागा अपुरी’ म्हणून उघडत नाही.

मग नजर जाते टीएसआरकडे, म्हणजे एकदा चालवल्यावर मेमरीत मुक्काम करणाऱ्या प्रोग्रामांकडे: माउस ड्रायव्हर, डिस्क कॅश, नेटवर्क क्लायंट, कीबोर्डचे, छपाईचे, एका बटणावर उघडणारे नोटपॅड. यातलं नको ते काढून टाकावं, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण टीएसआर नीट निघेल की नाही, हे बहुतेक वेळा तो लोड करतानाच ठरून गेलेलं असतं. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्याच एका गोष्टीभोवती आहेत.

(आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.)

आत नेमकं काय घडतं

पीसीच्या मेमरीच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या १,०२४ बाइट्समध्ये इंटरप्ट व्हेक्टर टेबल असतं. इंटरप्ट म्हणजे हातातलं काम थांबवून दुसरा कोड चालवायची प्रोसेसरला सूचना; व्हेक्टर म्हणजे त्या कोडचा (हँडलरचा) पत्ता. त्यात ४ बाइट्सचे २५६ पत्ते. की दाबली की प्रोसेसर ९ क्रमांकाच्या रकान्यातला पत्ता वाचून तिथला कोड चालवतो. टायमरचा इंटरप्ट सेकंदाला साधारण १८.२ वेळा येतो, त्याचा रकाना ८. डिस्कची कामं हेक्स (सोळाच्या पायावरच्या अंकपद्धतीतल्या) १३ मधून जातात, डॉसच्या सेवा हेक्स २१ मधून.

टीएसआर लोड होताना हव्या त्या रकान्यातला जुना पत्ता स्वतःजवळ लिहून ठेवतो, तिथे आपला पत्ता टाकतो आणि डॉसच्या हेक्स ३१ या फंक्शनला ‘माझी एवढी मेमरी राखून ठेव’ असं सांगून संपतो. हे फंक्शन डॉस २.० मध्ये, १९८३ साली आलं. त्याआधीपासून हेक्स २७ हा इंटरप्ट होता, पण त्यातून ६४ केबीपेक्षा जास्त राखता येत नसे.

डॉस यात करतं काय, तर मेमरीचा एक ब्लॉक त्या प्रोग्रामच्या नावे ठेवतं. प्रत्येक ब्लॉकच्या डोक्यावर १६ बाइट्सची पाटी असते: मालक कोण, आकार किती, पुढे आणखी ब्लॉक आहे का. बस. कोणत्या प्रोग्रामनं कोणता रकाना बदलला आणि आधी तिथे काय होतं, याची नोंद डॉस कुठेच ठेवत नाही. ती फक्त त्या टीएसआरच्या स्वतःच्या मेमरीत असते. त्यामुळे ‘अमुक टीएसआर काढ’ अशी आज्ञा डॉसमध्ये नाही आणि असणं शक्यही नव्हतं. काढण्याची सोय ज्यानं त्यानं आपल्या प्रोग्राममध्ये लिहायची. अनेकांनी ती लिहिलीच नाही.

साखळी आणि तिचा क्रम

समजा आधी कीबोर्डचा एक प्रोग्राम लोड केला, त्याला ‘क’ म्हणू. नंतर बटणावर उघडणारं नोटपॅड, ‘ख’. दोघांनीही ९ क्रमांकाचा रकाना घेतला. आता टेबलात ‘ख’चा पत्ता आहे, ‘ख’जवळ ‘क’चा आणि ‘क’जवळ बायोसचा, म्हणजे संगणकाच्या चिपमधल्या मूळ प्रोग्रामचा. की दाबली की निरोप ख, क, बायोस असा जातो.

‘ख’ आधी काढला तर काहीच अडचण नाही. त्याच्याकडे ‘क’चा पत्ता आहे, तो टेबलात परत लिहिला की झालं. पण ‘क’ आधी काढायचा म्हटलं तर तो अडकतो. टेबलात त्याचा पत्ता नाही, तो आहे ‘ख’च्या पोटात, आणि ‘ख’नं तो नेमका कुठे लिहून ठेवला आहे, हे ‘क’ला कळायला मार्ग नाही.

नीट लिहिलेला टीएसआर इथे आधी तपासतो. मी बदललेले सगळे रकाने अजून माझ्याकडेच बोट दाखवताहेत का? एखादा जरी दुसरीकडे गेला असेल, तर तो ‘काढता येत नाही’ असा संदेश देऊन थांबतो. लोकांना तो संदेश वैतागाचा वाटतो. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण न तपासता स्वतःला काढून घेणाऱ्या प्रोग्रामांनी काय होतं ते पाहा.

पहिली शक्यता: ‘क’ टेबलात सरळ बायोसचा पत्ता लिहितो. ‘ख’ साखळीतून बाहेर फेकला जातो. मेमरी अडवून बसलेला, पण बटण दाबलं तरी न उठणारा. पुढे कोणी ‘ख’ काढला, की तो आपल्याजवळचा जुना पत्ता, म्हणजे आता अस्तित्वात नसलेल्या ‘क’चा पत्ता, टेबलात लिहितो. ती जागा तोवर दुसऱ्या कशानं भरली असेल, तर पुढची की दाबली की संगणक गोठतो.

दुसरी शक्यता जास्त फसवी आहे. ‘क’ रकान्याला हात न लावता फक्त आपली मेमरी मोकळी करतो. ‘ख’ अजूनही निरोप ‘क’च्या जुन्या जागी पाठवतोय आणि तिथला कोड पुसला गेलेला नाही, म्हणून सगळं सुरळीत चालतं. मग कधीतरी मोठा प्रोग्राम उघडला जातो, त्या मोकळ्या जागेत त्याचा डेटा येतो आणि की दाबताच तो डेटा कोड समजून चालवला जातो. दोष कुणावर येतो? त्या मोठ्या प्रोग्रामवर. टीएसआर काढल्यापासून ते संगणक बंद पडेपर्यंत किती वेळ जाईल, याला काही धरबंध नाही. रकाना टायमरचा असेल तर मात्र चूक लपत नाही. कारण जागा भरल्यावर ५५ मिलिसेकंदांत पुढचा टिक येतोच.

बोरलँड कंपनीचं १९८४ मधलं साइडकिक, बटणावर उघडणारं नोटपॅड-कॅलेंडर, या बाबतीत प्रसिद्ध होतं. ते आपले व्हेक्टर पुन्हा पुन्हा स्वतःकडे ओढून घ्यायचं, म्हणून सगळ्यांत शेवटी लोड करा असा सल्ला असे. असा एखादा प्रोग्राम मध्ये असला की वरचा क्रमाचा हिशेबच बिघडतो.

पायरी पहिली: यादी करा

जुन्या बाजारातून बुधवारी किंवा रविवारी उचललेल्या संगणकात आधीच्या मालकाची ऑटोएक्झेक.बॅट (सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाइल) तशीच असते आणि त्यात काय काय भरलेलं असतं ते पाहिल्याशिवाय कळत नाही. डॉस ५ किंवा त्यापुढचं असेल तर मेमरीत काय बसलंय ते दाखवणारी ‘मेम /सी’ ही आज्ञा द्या. यादी लांब असेल तर आउटपुट फाइलमध्ये वळवा आणि ती फाइल ठेवून द्या, नंतर तुलनेला लागेल. डॉस ६ मध्ये ‘मेम /एम’ आणि पुढे प्रोग्रामचं नाव दिलं, की त्याचे तुकडे मेमरीत कुठे कुठे आहेत तेही दिसतं.

यादी मिळाली की तीन गट पाडा.

कॉन्फिग.सिसमध्ये (डॉस सुरू होताना वाचतं त्या मांडणीच्या फाइलमध्ये) ‘डिव्हाइस=’ने लोड झालेले ड्रायव्हर: हायमेम आणि ईएमएम३८६ हे मेमरीचे ड्रायव्हर, सीडी-रॉमचा ड्रायव्हर वगैरे. हे डॉसच्या ड्रायव्हरांच्या साखळीत गुंफलेले असतात आणि त्यांची मेमरी डॉसच्याच नावावर असते. चालू संगणकातून ते काढायचा नाद सोडा. ओळ बंद करून रीबूट करणं हाच मार्ग.

दुसरा गट, काढण्याची सोय असलेले. मायक्रोसॉफ्टचा माउस.कॉम ‘माउस ऑफ’ने निघतो. डॉस ६ मधला व्हीसेफ ‘/यू’ने, अनडिलीटचा पहारा ‘/अनलोड’ने. डॉस ५ मधला मिरर ‘/यू’ने. फ्रीडॉसबरोबर येणारे सीटीमाउस आणि एसएचएसयूसीडीएक्सही ‘/यू’ ओळखतात. अनोळखी प्रोग्राम असेल तर त्यापुढे ‘/?’ देऊन आधी वाचा.

तिसरा गट, सोय नसलेले. एमएस-डॉसमधले बरेचसे स्वतःचेच प्रोग्राम यात येतात: डॉसकी, प्रिंट, शेअर, कीबी, एमएससीडीईएक्स, स्मार्टड्राइव्ह. इथे काही स्विच दिशाभूल करतात. डॉसकीचं ‘/रीइन्स्टॉल’ जुनी प्रत काढत नाही, आणखी एक प्रत बसवतं. ‘प्रिंट /टी’ रांग रिकामी करतं, प्रोग्राम तिथेच राहतो. ‘अपेंड ;’ फक्त मार्गांची यादी पुसतं.

पायरी दुसरी: काढण्याआधी हात मोकळे करा

छपाईची रांग संपू द्या. नेटवर्कवर असाल तर लॉगआउट व्हा. उघड्या फाइली बंद करा. प्रत्येक टीएसआरनं उघडलेली फाइल डॉसच्या फाइल टेबलात जागा अडवते आणि मेमरी मोकळी झाली म्हणून ती जागा आपोआप सुटत नाही. एक्सपांडेड किंवा एक्स्टेंडेड मेमरीचंही (डॉसच्या नेहमीच्या मेमरीपलीकडच्या जादा मेमरीचंही) तसंच: टीएसआरनं तिथे घेतलेला हिस्सा त्यानं स्वतः परत केला नाही, तर रीबूट होईपर्यंत तो कुणालाच मिळत नाही.

स्मार्टड्राइव्ह ही डिस्क कॅश लावलेली असेल तर ‘स्मार्टड्राइव्ह /सी’ (रोमनमध्ये SMARTDRV /C) चुकवू नका. त्याच्या ४ क्रमांकाच्या आवृत्तीपासून डिस्कवर लिहायचा मजकूर काही वेळ मेमरीत थांबवला जातो. डॉस ६.० मध्ये प्रॉम्प्ट परत आला तरी लिखाण बाकी असू शकत असे, ६.२ मध्ये ते बदललं आणि प्रॉम्प्ट येण्याआधी लिहून टाकण्याची पद्धत आली. तरीही टीएसआरशी खेळताना संगणक गोठण्याची शक्यता धरूनच चालायचं. ‘/सी’ दिलेलं असेल तर गोठला तरी फाइली शाबूत राहतात.

सिरियल पोर्टवरून सीएनसीला प्रोग्राम जात असताना यातलं काहीही करू नका. पोर्टचा इंटरप्ट चालू ठेवून त्याचा हँडलर मेमरीतून गेला, तर पुढचा बाइट येताच प्रोसेसर भलतीकडे जाईल. इकडे संगणक गोठेल आणि तिकडे कटर अर्धवट प्रोग्रामवर थांबेल. भोसरी-पिंपरी भागात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते; असली कामं त्या दिवशी, मशीन बंद असताना करावीत हे माझं ठाम मत आहे.

पायरी तिसरी: उलट्या क्रमानं काढा

ऑटोएक्झेक.बॅट समोर ठेवा आणि खालून वर या. याचं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण नॉव्हेल नेटवेअर या नेटवर्क सॉफ्टवेअरच्या क्लायंटचं आहे. लोड करण्याचा क्रम: एलएसएल, मग नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, उदाहरणार्थ एनई२०००, मग आयपीएक्सओडीआय आणि शेवटी व्हीएलएम. काढताना: ‘व्हीएलएम /यू’, ‘आयपीएक्सओडीआय यू’, ‘एनई२००० यू’, ‘एलएसएल यू’. मधूनच एखादा काढायला गेलात तर तो नकार देतो, कारण त्याच्या खांद्यावर दुसरा उभा आहे हे त्याला ठाऊक असतं. हे प्रोग्राम एकमेकांना ओळखतात म्हणून हे जमतं. पण यांच्यानंतर तुम्ही दुसऱ्याच कुणाचा टीएसआर लोड केला असेल आणि त्यानं यांच्यातला एखादा रकाना घेतला असेल, तर आधी तो काढावा लागेल.

नकार आला तर दोषी कोण ते शोधायला हेच सूत्र: त्याच्यानंतर काय काय लोड झालं? हेक्स २१ आणि हेक्स २एफ हे रकाने फार लोकप्रिय आहेत, त्यामुळे बहुतेक वेळा भांडण तिथेच असतं. तिसऱ्या गटातला एखादा प्रोग्राम, समजा डॉसकी, मध्ये बसला असेल तर त्याच्या आधीचे सगळे अडकले. म्हणून न निघणारे प्रोग्राम ऑटोएक्झेकमध्ये सगळ्यांत आधी लोड करावेत आणि ज्यांना काढण्याची वेळ येणार आहे ते सगळ्यांत शेवटी. एवढी एक फेरफार केली तरी निम्म्या अडचणी संपतात.

मधूनही काढता यावं यासाठी उपाय सुचवले गेले होते. आयबीएमचा इंटरप्ट शेअरिंग प्रोटोकॉल सांगतो की प्रत्येक हँडलरच्या सुरुवातीला ठरलेल्या जागी खूण आणि जुना पत्ता ठेवा, म्हणजे साखळी चालत जाऊन मधली कडी सोडवता येईल. इंटरप्टांची प्रसिद्ध यादी जमवणारे राल्फ ब्राउन यांनी हेक्स २डी या इंटरप्टवर आधारलेली एएमआयएस ही पद्धत मांडली. दोन्ही कल्पना चांगल्या आहेत, पण साखळीतल्या सगळ्यांनी पाळल्या तरच चालतात. बाजारातल्या बहुसंख्य टीएसआरनी त्या पाळल्या नाहीत.

पायरी चौथी: खरंच जागा मिळाली का ते पाहा

पुन्हा ‘मेम /सी’ द्या. इथे बहुतेक जण चुकीची ओळ वाचतात. एकूण मोकळी मेमरी वाढलेली दिसते आणि समाधान होतं, पण बघायची असते शेवटाकडची, सर्वांत मोठ्या चालवता येणाऱ्या प्रोग्रामच्या आकाराची ओळ. डॉस प्रोग्रामला एक सलग ब्लॉक देतं. मधला टीएसआर निघाला आणि त्याच्या वरचा राहिला, तर मोकळी झालेली जागा दोघांच्या मध्ये भोक म्हणून पडून राहते. ३० केबी मोकळे झाले, तरी मोठ्या प्रोग्रामला त्याचा काडीचा उपयोग नाही. डॉस मेमरीतले ब्लॉक सरकवून भोकं बुजवत नाही. बुजवूही शकत नाही, कारण टेबलात आणि इतर प्रोग्रामांच्या पोटात थेट पत्ते लिहिलेले असतात.

लहान भोकं बहुधा एन्व्हायरन्मेंटची असतात. प्रत्येक प्रोग्रामला पाथ वगैरेंची एक प्रत वेगळ्या ब्लॉकमध्ये मिळते. काही टीएसआर ती लोड होतानाच सोडून देतात, काही निघून गेले तरी सोडत नाहीत.

यातलंच आणखी एक: दुसऱ्या प्रोग्राममधून तात्पुरतं डॉस प्रॉम्प्टवर येऊन टीएसआर कधीही लोड करू नका. तो त्या प्रोग्रामच्या वर बसतो. मूळ प्रोग्राम बंद केला की खाली मोठं भोक आणि वर हा, अशी फाळणी होते. विंडोज ३.१ च्या एन्हान्स्ड मोडमध्ये मात्र चित्र वेगळं आहे: डॉसच्या खिडकीत लोड केलेला टीएसआर त्या खिडकीपुरता असतो आणि ती बंद केली की जातो. विंडोजच्या आधी लोड केलेला टीएसआर अशा खिडकीतून काढायचा प्रयत्न करू नये. विंडोजमधून पूर्ण बाहेर या, मग काढा.

पायरी पाचवी: सोय नसेल तर मार्क आणि रिलीज

तिसऱ्या गटासाठी टर्बोपॉवर कंपनीच्या टीएसआर युटिलिटीज हे मोफत मिळणारं फार चांगलं साधन आहे. टीएसआर लोड करण्याआधी ‘मार्क’ चालवायचं. ते त्या क्षणीच्या व्हेक्टर टेबलाची प्रत काढून मेमरीत खूण रोवतं. नंतर ‘रिलीज’ दिलं की टेबल त्या प्रतीप्रमाणे पूर्ववत होतं आणि खुणेनंतरचे सगळे ब्लॉक मोकळे होतात. डॉस जी नोंद ठेवत नाही, ती इथे बाहेरून ठेवली जाते. टेबलाच्या प्रतीमुळे ‘मार्क’ला एक केबीपेक्षा जास्त जागा लागते; ‘एफमार्क’ ती प्रत डिस्कवरच्या फाइलमध्ये ठेवतं आणि मेमरीत अगदी थोडं उरतं. नेटवर्कसाठी ‘मार्कनेट’ आणि ‘रेलनेट’ ही जोडी आहे, ती डॉसची आणखी बरीच अंतर्गत स्थिती जपते.

मर्यादा इथेही आहेत. खुणेनंतरचं सगळं जातं, मधला एकच निवडता येत नाही. म्हणून मला दोन-तीन खुणा वेगवेगळ्या नावांनी ठेवायला आवडतात: न निघणाऱ्यांनंतर एक, नेटवर्कच्या आधी एक. खुणेनंतर सुरू झालेल्या एखाद्या प्रोग्रामच्या आतून ‘रिलीज’ देऊ नये, कारण ते त्या प्रोग्रामच्याच पायाखालची मेमरी मोकळी करेल. हार्डवेअरची स्थिती ‘रिलीज’ला सगळीच माहीत नसते, कार्डाला ‘इंटरप्ट पाठवू नकोस’ असं सांगणं त्या कार्डाच्या ड्रायव्हरचंच काम. आणि लिखाण थांबवून ठेवणारी डिस्क कॅश खुणेनंतर ठेवूच नका.

याच संचात ‘वॉच’ आणि ‘डिसेबल’ आहेत. ‘वॉच’ सगळ्यांत आधी लोड केलं तर कुणी कोणता व्हेक्टर घेतला याची नोंद होत राहते आणि तिच्या आधारे ‘डिसेबल’ एखाद्या टीएसआरला मेमरीतून न काढता निष्क्रिय करतं. जागा मिळत नाही, पण दोन प्रोग्रामांचं भांडण आहे की नाही हे तपासायला याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

पायरी सहावी: न काढता काम भागवा

रोज तोच टीएसआर काढून परत लावावा लागत असेल, तर तो मुळात लोडच न होणारी सुरुवात तयार करा. डॉस ६ पासून कॉन्फिग.सिसमध्ये मेन्यू करता येतो: मेन्यू नावाच्या भागात पर्याय लिहायचे, प्रत्येक पर्यायाचा स्वतंत्र भाग करायचा, सगळ्यांना लागणाऱ्या ओळी कॉमन भागात ठेवायच्या. निवडलेल्या पर्यायाचं नाव ‘कॉन्फिग’ या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये येतं, त्यावर ऑटोएक्झेकमध्ये ‘गोटू’ लावलं की दोन्ही फाइली जुळतात. वर्कशॉपसाठी दोन पर्याय पुरतात: एक सीएनसीचा, ज्यात हायमेम आणि सिरियलचा प्रोग्राम एवढंच; दुसरा ऑफिसचा, ज्यात नेटवर्क, माउस, सीडी. दोन्हींत ‘डॉस=हाय,यूएमबी’ ठेवलं आणि लहान टीएसआर ‘लोडहाय’ने वर पाठवले, तर काढण्याची गरजच अनेकदा उरत नाही. ही वरची मेमरी (६४० केबी ते १ एमबीमधली मोकळी जागा) मिळण्यासाठी ऑफिसच्या पर्यायात ईएमएम३८६ लागेल. सीएनसीच्या पर्यायात मी ते टाळतो. त्या प्रोग्रामला इतर कुणाची सोबत जितकी कमी तितकं बरं.

डॉस ५ वर मेन्यू नाही. तिथे दोन बूट फ्लॉपी करून ठेवा आणि दोन्हींवर जाड अक्षरांत पर्यायाचं नाव लिहा.

मेन्यू पहिल्यांदा चालवताना एखादी ओळ चुकून संगणक अडला, तर ‘स्टार्टिंग एमएस-डॉस’ दिसताच एफ५ दाबा, दोन्ही फाइली वगळल्या जातील. एफ८ दाबलं तर एकेक ओळ विचारली जाईल. रीबूट करताना कंट्रोल-ऑल्ट-डिलीटनं मेमरीची मोजणी टळते आणि वेळ वाचतो, पण टीएसआर काढताना नेटवर्क किंवा सिरियल कार्ड अडकलं असेल तर मुख्य बटणानं बंद करून थोडं थांबून परत चालू करा. वेगळा पर्याय निवडून ‘मेम /सी’ परत फाइलमध्ये वळवा, पहिल्या पायरीतल्या फाइलशी ताडून पाहा आणि मगच सीएनसीची केबल जोडून छोटा, स्पिंडल बंद ठेवून चालणारा प्रोग्राम पाठवून बघा.